पाचवं कारण

ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या माणसाकडं कुणी अध्यात्म विचारायला येत नाही. आमच्या श्रीरामपुरात तर नाहीच. लोक येतात ते आठचा आकडा काढताना पाय का टेकतो हे विचारायला, शिकाऊ लायसनची मुदत संपली म्हणून, नाही तर एमएच-१७ ची गाडी पुण्याच्या माणसाला विकली आणि आता एनओसी हवी म्हणून. पण अलीकडं एक नवं गिऱ्हाईक सुरू झालंय. बेलापूर, टाकळीभान, उंदीरगावची पोरं पुण्याला नोकरीला लागली आणि दिवाळीच्या सुट्टीत थायलंड, बाली, व्हिएतनाम करू लागली. तिथं उतरलं की पहिलं काम स्कूटर भाड्यानं घेण्याचं. त्यासाठी आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, म्हणून पोरगं माझ्या टेबलासमोर. सोबत आई.

अध्यात्म येतं ते या आईकडून. पोरगं फॉर्म भरत असतं आणि ती पर्समधून शिर्डीच्या उदीची पुडी काढून त्याच्या पाकिटात सरकवते. माझ्या बहिणीनंही हेच केलं. भाचा चार मित्रांबरोबर थायलंडला निघाला होता. मी हेल्मेटचं विचारलं, तर तो म्हणाला, "मामा, तिकडं समुद्राच्या कडेला कोण घालतंय हेल्मेट?" आणि बहीण म्हणाली, "दादा, बाबा आहेत ना पाठीशी. तू उगाच त्याच्या मनात भीती घालू नको."

तिच्या बोलण्यात एक खरा प्रश्न आहे, आणि तो जुना आहे. देव राखणारच असेल तर सावधगिरी म्हणजे त्याच्यावरचा अविश्वास नाही का? आणि देवानं नेमलेली वेळ टळत नसेल, तर डोक्यावर पत्र्याचं मडकं असलं काय, नसलं काय?

आपल्याकडं अपघातातून वाचलेला माणूस हमखास म्हणतो, "वेळ आली होती, पण काळ आला नव्हता." मी हे इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यातली लबाडी दिसू लागलीय. हे वाक्य म्हणायला माणूस वाचावा लागतो. जो वाचला नाही, त्याच्या दहाव्याला कुणी असं काही म्हणत नाही, तिथं फक्त "लिहिलेलं होतं" एवढं ऐकू येतं. म्हणजे दोन्हीकडून दैवच जिंकतं आणि ब्रेक कुणी तपासायचे होते, हा विषय निघतच नाही.

आमच्या भागातले एक कीर्तनकार महाराज जीपच्या लायसनच्या नूतनीकरणाला आले होते. त्यांच्यापुढं मी हे बोललो, तर त्यांनी शिंगणापूर काढलं. "तासा-दीड तासाच्या वाटेवर शनिदेवाचं गाव आहे. घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत. २०११ साली युको बँकेनं तिथं बिनकुलपाची शाखा उघडली. बँकेनं विश्वास ठेवला आणि तुम्ही माणसांना डोक्याला कुलूप लावायला सांगता?"

महाराज बोलण्यात पटाईत. पण मला वाटतं, त्यांचं उदाहरण त्यांच्याच विरुद्ध जातं. शिंगणापूरचा माणूस दार लावत नाही तेव्हा तो स्वतःचं घर पणाला लावतो, शेजाऱ्याचं नाही. शिवाय तिथं गृहीत धरलेला चोर शनीला भिणारा आहे. डांबरावर सांडलेली वाळू कुणाला भीत नाही. खड्ड्याला साडेसाती लागत नाही.

मग मी त्यांना त्यांच्याच ग्रंथाकडं नेलं. ज्ञानेश्वरी लिहिली गेली ती आमच्यापासून तासाभरावर, नेवाशात, शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये. बेलापूरच्या कडेनं जाणारी प्रवराच पुढं नेवाशाला जाते. ज्या खांबाला टेकून माउलींनी सांगितलं आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं, तो पैसाचा खांब अजून तिथं उभा आहे. सप्ताहात त्याच्यासमोर बसून मी अठरावा अध्याय ऐकलाय, आणि त्यातली एक जागा माझ्या धंद्याच्या इतकी जवळची आहे की ती ऐकताना मला दरवेळी आरटीओचं मैदान दिसतं.

गीता तिथं कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगते. एक अधिष्ठान, म्हणजे हा देह. दुसरा कर्ता. तिसरी करणं, म्हणजे ज्यांच्याकरवी काम होतं ती इंद्रियं. चौथ्या नाना तऱ्हेच्या हालचाली. आणि पाचवं दैव. दैव आहे, पण पाचवं आहे. आपण रोजच्या बोलण्यात त्याला उचलून पहिल्या पाटावर बसवलंय आणि बाकीच्या चौघांना पंगतीतून उठवलंय. त्यातही शंकराचार्य आणि माउली दोघेही या पाचव्या जागी इंद्रियांना बळ देणाऱ्या देवता बसवतात. डोळ्याची देवता सूर्य, तशा बाकीच्यांच्या. कपाळावरच्या लिखाणाचा तिथं उल्लेखही नाही.

परक्या देशात भाड्याची गाडी घेऊन निघालेल्या माणसाला हे पाचही जण एकेक करून भेटतात. घरी ते दिसत नाहीत, कारण घरी चौघं सवयीचे झालेले असतात. शास्त्रार्थ जरा वाकवून, करणांमध्ये मी गाडीही धरतो. पंडितांनी माफ करावं.

देह बघा. रात्रभर विमानात अवघडून बसलेला, झोप नाही, खायचं वेळेवर नाही, आणि दुपारी दोनच्या उन्हात स्कूटरवर. शेतात रात्रपाळीचं पाणी धरून आलेल्या माणसाच्या हातात आपण ट्रॅक्टर देत नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र सुट्टीचे दिवस मोजके म्हणून सगळं माफ. तिकडं बिअर स्वस्त, हे आणखी एक.

गाडीचं तर विचारू नका. भाड्याच्या गाडीवर आपल्या आधी कोण बसलं, तिला कुठं आपटलं, काही माहीत नसतं. भाच्याला मी सांगितलं, पैसे देण्याआधी गाडी मधल्या स्टँडवर घे आणि मागचं चाक हातानं फिरव. घासतंय का, डगडगतंय का बघ. टायरची नक्षी बोटानं चाचप. मूठ पिळून सोड, ती आपोआप मागं आली पाहिजे. अर्ध्यात अडकली तर ती गाडी सोड, दुसरी बघ. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढं ढकल. दिवा, दोन्ही इंडिकेटर, हॉर्न. मग मोबाइलवर गाडीचा चहूबाजूंनी व्हिडिओ काढ, मालकाला समोर उभं करून, म्हणजे परत देताना जुना ओरखडा तुझ्या नावावर पडणार नाही. आणि पासपोर्ट तारण ठेवायचा नाही. अनामत रक्कम घे म्हणावं, झेरॉक्स घे म्हणावं. पासपोर्ट त्याच्या ड्रॉवरमध्ये अडकला की तो सांगेल ती नुकसानभरपाई तू देशील. भाचा म्हणाला, "मामा, एवढं बघत बसलो तर तो मला येडा समजेल." समजू दे की.

पण खरी गंमत चौथ्या कारणात आहे, हालचालींमध्ये. आमच्याकडं पोरगं गाडी शिकतं ते बापाच्या स्प्लेंडरवर. डाव्या मुठीत क्लच. हजार वेळा तो दाबून हाताला असं वळण लागतं की मेंदूला विचारायची गरज उरत नाही. आता त्याच पोराला बिनगिअरच्या स्कूटरवर बसवा. डावीकडं क्लच नाही, मागचा ब्रेक आहे. समोर काही आडवं आलं, की घाबरलेला हात जुन्या सवयीनं क्लच समजून डावी मूठ पूर्ण आवळतो. मागचं चाक जागच्या जागी लॉक होतं, आणि खाली वाळू असली तर गाडी बाजूनं निघून जाते. हे मैदानावर माझ्यासमोर घडतं. पंधराच्या वेगात घडतं म्हणून लोक हसतात. यात कुठलं दैव आलं? आपणच घडवलेली सवय आपल्या अंगावर आली.

योगवासिष्ठात वसिष्ठ रामाला जवळपास हेच समजावतात. दैव म्हणून ज्याला भ्यायचं ते आपलंच मागचं कर्म. ते आणि आजचा प्रयत्न दोन एडक्यांसारखे झुंजतात आणि जो जोरकस तो जिंकतो. रामाच्या नावाचं गाव आमचं. रामनवमीला यात्रा भरते, पाळणे लागतात. पण वसिष्ठांनी रामाला काय सांगितलं, हे त्या गर्दीत कुणाला विचारावं?

व्हिएतनामला तर सवयीची पुरती परीक्षा. तिथं रस्त्याची उजवी बाजू धरायची. गर्दीत माणूस चुकत नाही, पुढच्याच्या मागं जातो. चुकतो तो सकाळी रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल भरून पंपाबाहेर पडताना. आसपास कुणी नसतं आणि हात गाडीला गुपचूप डावीकडं नेतो. थायलंड, बालीत आपल्यासारखीच डावी बाजू, म्हणून तिथं हा त्रास नाही. तिथं दुसरा आहे. चियांग माईहून पाईला जाणाऱ्या घाटाला ७६२ वळणं आहेत असं तिथं टी-शर्टवर छापून विकतात, आणि पाईच्या बाजारात गुडघ्याला पट्टी बांधलेले प्रवासी नेहमीचेच. तापलेल्या सायलेन्सरनं पोटरीवर जो डाग पडतो त्याला तिकडं थट्टेनं 'थाई टॅटू' म्हणतात. थट्टा तिथंच संपते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालात थायलंडच्या रस्त्यांवर मरणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक दुचाकी-तीनचाकीवरचे होते.

आता पाचवं. डोळ्याची देवता सूर्य असेल, तर तो मावळल्यावर अनोळखी घाटात भाड्याच्या स्कूटरच्या मिणमिणत्या दिव्यावर निघणारा माणूस दैवावर भरवसा ठेवत नाही, त्याला घरी पाठवून निघतो. महाराजांना हे आवडलं. हसले. म्हणाले, "हे कीर्तनात घेतो."

पण लगेच त्यांनी पुढचा श्लोक काढला. अहंकार गेलेला, बुद्धी कशात न गुंतलेली असा पुरुष मारूनही मारत नाही आणि बांधला जात नाही, असं गीताच सांगते. मग कर्त्याला एवढं कशाला धरून बसायचं? मी म्हटलं, महाराज, ते ज्ञानी पुरुषाबद्दल आहे. दोन बिअर घेऊन मित्राला मागं बसवलेल्या माणसाचा अहंकार गेलेला नसतो, शुद्ध गेलेली असते. आणि त्या श्लोकाच्या आधीचा का वगळता? पाच कारणं असताना एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याला तिथं मंदबुद्धी म्हटलंय. म्हणजे "मी कॉलेजपासून गाडी चालवतोय, मला काय शिकवता" म्हणणाराही त्यात आला. सगळं देवावर सोडणारा आणि सगळं स्वतःच्या मनगटावर घेणारा, दोघांनी पाचातल्या चौघांना हाकलून दिलेलं असतं. पहिल्याला माझ्याकडं आई घेऊन येते, दुसरा एकटा येतो. जास्त धास्ती मला दुसऱ्याची वाटते.

श्रद्धा गाडीवर बसू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. खंडेनवमीला आम्ही स्कूलच्या गाड्या धुऊन झेंडूच्या माळा घालतो, पान्यांना हळदकुंकू लावतो. बालीतले हिंदू दर २१० दिवसांनी तुम्पेक लांदेप पाळतात. मुळात तो धातूच्या शस्त्रांचा सण, आता मोटारसायकली ओळीनं उभ्या करून त्यांना नैवेद्य दाखवतात. तिथल्या आजीला आमची खंडेनवमी सांगितली तर वेगळं समजवावं लागणार नाही. पण त्याच बालीत पारंपरिक फेटा बांधून देवळाला निघालेला माणूस हेल्मेटशिवाय जातो आणि पोलीस बहुधा काणाडोळा करतात. ते बघून आमच्या पोरांना वाटतं, इथं चालतं. चालतं ते त्याला, त्याच्या गावात, त्याच्या देवाच्या वाटेवर. पाहुण्यांनी एवढा धुडगूस घातला की २०२३ मध्ये बालीच्या गव्हर्नरांनी परदेशी प्रवाशांना मोटारसायकल भाड्यानं देणंच बंद करायचा प्रस्ताव मांडला होता.

धर्म आणि हेल्मेट यांचा झगडा कोर्टातही जाऊन आलाय. आपल्या मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम हेल्मेट सक्तीचं करतं आणि पगडी बांधलेल्या शिखांना त्यातून सूट देतं. ब्रिटननं तशी सूट १९७६ मध्ये दिली. जर्मनीत मात्र २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं एका शीख चालकाला ती नाकारली. पगडीचा मान मला कळतो, त्यात मी शिरत नाही. पण त्या न्यायालयाचं एक कारण मला विसरता येत नाही. हेल्मेट फक्त घालणाऱ्याला वाचवत नाही. फुटलेलं डोकं बघावं लागणारा दुसरा चालक, उचलायला धावणारी माणसं, यांच्या मनावर होणारा घावही त्यात मोजायचा असतो, असं त्यांनी धरलं.

इथं माझ्या बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं, आणि ते परदेशात सापडायची गरज नव्हती. आमच्याच तालुक्यात गळीत हंगाम सुरू झाला की संध्याकाळी उसाच्या जोडट्रॉल्या रस्त्याला लागतात. कित्येकांना मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, बाजूला ऊस लोंबतोय. पंक्चर झाली तर दगड लावून तिथंच रस्त्यावर उभी. बाजारातून घरी निघालेला मोटारसायकलवाला अंधारात तिच्यावर जाऊन आदळतो. ट्रॉलीवाला म्हणतो, नशीब त्याचं. बरोबर आहे, त्याचं नशीबच. पण ते नशीब तयार कुणी केलं? वीस-तीस रुपयांची लाल पट्टी ज्यानं चिकटवली नाही, त्यानं. एकाचं न केलेलं काम दुसऱ्याचं दैव होतं.

म्हणून बहिणीला मी म्हटलं, बाबा पाठीशी आहेत हे मला मान्य. पण पोरगं गाडी चालवताना पुढं बघतंय, आणि पुढं कुणीतरी आहे. चियांग माईच्या बाजारातून भाजी घेऊन रस्ता ओलांडणारी बाई असेल. तिनंही सकाळी बुद्धाला फुलं वाहिली असतील. तिच्या हिशेबात तुझा मुलगा हाच पाचवं कारण आहे. त्याच्यासाठी उदी दिलीस, तिच्यासाठी काय देतेस?

बहीण गप्प बसली. भाच्यानं मात्र विचारलं, "मग हेल्मेट घालून, सगळं तपासूनही माणसं मरतात, त्याचं काय?" मरतात. चांगलं हेल्मेट मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेची ६९ टक्क्यांनी कमी करतं, असं जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेलं आहे. उरलेलं उरतंच. तिथं माझं शास्त्र थांबतं आणि महाराजांचं सुरू होतं, आणि त्या जागी मीही हात जोडतो. फक्त ती जागा चौघांची कामं झाल्यावर येते.

कागदांचंही असंच. आपलं आंतरराष्ट्रीय परमिट १९४९ च्या जिनिव्हा करारातलं. व्हिएतनाम १९६८ च्या करारातलं मानतं. म्हणजे आपल्या परमिटवर तिथं पन्नास सीसीच्या वरची गाडी कायद्यानं चालवता येत नाही. "पण सगळे चालवतात, कुणी अडवत नाही," असं पोरं सांगतात. अडवत नसेलही. पण अपघात झाला की पोलिसांच्या आधी विमा कंपनी अडवते. प्रवास विम्याच्या बारीक अक्षरात बहुधा लिहिलेलं असतं, की त्या देशात चालणारं लायसन नसेल, हेल्मेट नसेल किंवा दारू घेतलेली असेल तर दवाखान्याचं बिल तुमचं तुम्ही भरा. काही पॉलिसींत दुचाकीच धरलेली नसते. बँकॉकच्या खाजगी दवाखान्यातल्या अतिदक्षता विभागाचं बिल भरायला इथं बापाला जमीन काढावी लागेल. बापाची जमीन पणाला लावायचा हक्क पोराला कुणी दिला? गोव्यातसुद्धा हीच तऱ्हा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली भाड्याची गाडी सोडून, शंभर रुपये वाचवायला लोक कुणाची तरी पांढऱ्या पाटीची घरची गाडी घेतात आणि विम्याच्या बाहेर जाऊन बसतात.

भाच्यानं अखेर हेल्मेट इथूनच नेलं, आयएसआयचं, बॅगेत कपडे कोंबून. उदीची पुडी त्याच्या आईनं हेल्मेटच्या आतल्या स्पंजमागं खोचली. मी काही बोललो नाही. पुडी पातळ होती, हेल्मेट बसण्यात फरक पडत नव्हता.

जाणार असाल त्यांना एवढंच सांगतो. फॉर्म ४-ए, फी एक हजार रुपये, परमिट एक वर्ष चालतं. मूळ लायसनही सोबत न्यावं लागतं, नुसतं परमिट कामाचं नाही. लायसनवर फक्त चारचाकी असेल तर आधी दुचाकीची परीक्षा द्या, कारण लायसनवर नसलेली गाडी परमिटवर येत नाही. आणि परमिट हातात पडलं की मोटारसायकलच्या रकान्यात शिक्का आहे का ते खिडकीसमोरच बघून घ्या.